उजनीची जलपर्णी ड्रोनने मोजताना

आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा पट्टा, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येणारा भाग, आहे का ते बघा. तिथेही १२० मीटर उंचीची मर्यादा आहेच. भिगवणकडे मी ६० मीटरवरून उडवतो, सकाळीच. उन्हं चढली की पाणी चकाकतं, फोटो वाया जातात. थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरलेले असतील तिकडे ड्रोन नेऊच नका.

फोटो एकमेकांवर ८० टक्के तरी चढू द्या, प्रत्येकात थोडा काठ ठेवा. नुसतं पाणी जोडताना सॉफ्टवेअर गांगरतं. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसेल ते हिरवं जलपर्णी धरू नका, पाणकणीस आणि शेवाळंही हिरवंच. शंका आली की होडी काढा: फुगीर देठ, चकचकीत गोलसर पान, जांभळा तुरा.

वाऱ्याने थर या काठाचे त्या काठाला जातात, म्हणून तुलना एकूण क्षेत्राचीच करा.