गॉगलच्या निर्यातीसाठी उत्पादन वाढवताना

परदेशी खरेदीदाराची मोठी ऑर्डर हाती आली की कारखानदाराचे लक्ष आधी नव्या यंत्राकडे जाते. परंतु ॲसिटेट या प्लास्टिकच्या फ्रेम बनत असतील, तर प्रथम पॉलिशच्या पिंपांचा हिशेब करावा. संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर फ्रेमचा पुढचा भाग काही मिनिटांत कापून निघतो, मात्र कापल्याच्या खुणा जाऊन कडा गुळगुळीत व्हाव्यात म्हणून तोच भाग लाकडाच्या बारीक तुकड्यांसोबत पिंपात बहुधा काही दिवस फिरत राहतो. कापणी दुप्पट केली आणि पिंपे तेवढीच राहिली, तर माल पिंपांपाशी तुंबतो. घाईने लवकर बाहेर काढलेल्या फ्रेमवर बिजागरीजवळ पांढुरकी रेघ राहते आणि ती खरेदीदाराच्या तपासनिसाच्या नजरेतून सुटत नाही.

त्यानंतर माल कोणत्या देशात जाणार हे निश्चित करावे, कारण चाचण्या त्यावर ठरतात. युरोपीय संघात गॉगल हे वैयक्तिक संरक्षक साधन मानले जाते. तेथे आयएसओ १२३१२-१ या मानकानुसार चाचण्या करून सीई चिन्ह (युरोपीय नियम पाळल्याची खूण) लावावे लागते, आणि तांत्रिक कागदपत्रे १० वर्षे जपावी लागतात. गडदपणानुसार लेन्सची श्रेणी ० ते ४ अशी असते. चौथ्या श्रेणीची लेन्स इतकी गडद असते की ती घालून वाहन चालवू नये, ही सूचना गॉगलसोबत द्यावीच लागते. धातूच्या फ्रेमचा त्वचेला लागणारा भाग आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सोडता कामा नये, म्हणून मुलामा देणारा पुरवठादार बदलल्यास ही चाचणी पुन्हा करून घ्यावी.

अमेरिकेत लेन्सच्या मजबुतीवर भर असतो: सुमारे १६ ग्रॅमची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटर उंचीवरून लेन्सवर सोडली जाते आणि लेन्स फुटता कामा नये. नंबर नसलेल्या साध्या गॉगलसाठी प्रत्येक लॉटमधून (एका वेळी बनलेल्या मालातून) पुरेसे नमुने काढून ही चाचणी केलेली चालते. म्हणूनच लेन्सच्या प्रत्येक खोक्यावर लॉट क्रमांक असावा. दुसऱ्या पाळीत दोन लॉट एकत्र झाले, तर एका सदोष लॉटपायी सगळा माल अडकतो.

यंत्र आयात करायचेच असेल, तर केंद्र सरकारच्या ईपीसीजी (निर्यातीसाठी यंत्रसामग्री आणण्याच्या) योजनेत सीमाशुल्क वाचते. मात्र वाचलेल्या शुल्काच्या ६ पट निर्यात ६ वर्षांत करावी लागते. ही अट एकाच खरेदीदाराच्या भरवशावर स्वीकारू नये, आणि त्याची दुसरी ऑर्डर लेखी हाती येईपर्यंत वाढीव काम भाड्याच्या पिंपांवर व जास्तीच्या पाळीत उरकावे.