शाळेतला नाश्ता: वेगळं ताट मांडू नका

ताटात एक धान्य, एक प्रथिनांचा पदार्थ आणि एक फळ. रस नको, फळच द्या. गाळताना चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. दिवसभराच्या उष्मांकांपैकी वरच्या साखरेचा वाटा १० टक्क्यांहून कमी असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्यात मध, फळांचा रसही धरते. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खी द्राक्षं देऊ नका, उभी चिरून द्या. आखणीचा सोपा भाग एवढाच.

पालकांना ‘मूल काय खात नाही?’ असं विचारलंत तर आवडीनिवडींची यादी हाती येईल. विचारा, ‘काय खाल्लं की काय होतं?’ ‘दूध चालत नाही’ यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणाऱ्या मुलाचं पोट बिघडतं, थोडं दही बहुधा चालून जातं. ॲलर्जी असेल तर दुधाचा अंशही जिवावर बेतू शकतो.

आता मी जिथे चुकले ते. पहिल्या वर्षी ॲलर्जीवाल्या मुलांसाठी मी कोपऱ्यात वेगळं टेबल लावलं. सुरक्षित होतं, म्हणून खूश होते. तिथली एक मुलगी खाताना डावा हात ताटाभोवती आडवा धरून बसायची, आपलं वेगळं खाणं कुणाला दिसू नये म्हणून. महिनाभर माझ्या ते लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून मूळ पदार्थ मी असाच निवडते, जो यादीतलं प्रत्येक मूल खाऊ शकेल. फळं, बिया, दही वरून, वेगवेगळ्या वाट्यांतून. ज्याची कुणाला तीव्र ॲलर्जी आहे, ते मात्र वाटीतही नको. त्या दिवशी ते स्वयंपाकघरातच येत नाही. सीलिएक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असलेलं मूल असेल तर ओट्स ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच घ्या, कारण साध्या ओट्समध्ये गहू मिसळलेला असू शकतो. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. शाकाहारी मुलं असतील तर गोड दह्याच्या डब्यावर ते शोधा. आणि लेबल दर खेपेला वाचा, नेहमीच्या डब्याचंही.

खरा घात चमच्याने होतो. दह्यातला चमचा फळांच्या वाटीत गेला की सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक वाटीला तिचाच चमचा, दांड्याला रंगीत दोरा, आणि वाढणारं माणूस मोठंच हवं. ‘मुलांना घेऊ द्या हाताने, स्वावलंबन येतं’ हा सल्ला इथे साफ चुकीचा आहे. ‘सॅनिटायझर लावलं की झालं’ हाही. शेंगदाण्याचा अंश त्याने जात नाही, साबण आणि पाणीच लागतं. भाजल्या-तळल्यानेही शेंगदाण्याची ॲलर्जी टळत नाही.

ज्या मुलांना तीव्र ॲलर्जीत तातडीने टोचायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लिहून दिलेलं आहे, त्यांचं ते कुलपात ठेवू नका. नाश्ता चालू असताना ते टोचता येणारी किमान दोन माणसं त्याच खोलीत हवीत.