चकवा नव्हता तो: स्मृतिभ्रंशात या चुका टाळा

चाळीस वर्षं ज्या धुऱ्यावरून आबाजी वावरात गेले, त्याच धुऱ्यावर एका संध्याकाळी वाट चुकले. गाव म्हणालं, चकवा लागला. लिंबू उतरवलं, नारळ फोडला. डॉक्टरकडे न्यायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

बाजारातून मीठ आणायचं राहिलं, तर वय झालं म्हणता येईल. पण हिशेबाचा पक्का माणूस सुटे पैसे मोजताना अडखळतो, तेच ते दहादा विचारतो, 'सुनेनं माझं पासबुक लपवलं' असा आळ घेतो, तेव्हा 'म्हातारचळ' म्हणून सोडू नका. आळ घेणं हेसुद्धा लक्षण असू शकतं. आमच्या घरात त्यावरून दोन महिने अबोला होता.

याच्या उलटी चूक जास्त घातक. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात म्हातारं माणूस दोन दिवसांत बरळायला लागलं, तर त्याला स्मृतिभ्रंश समजून घरी ठेवू नका. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. अचानक आलेल्या भ्रमामागे अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, लघवीचा संसर्ग अशी कारणं असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणूस आधी कुठं पडला होता का, तेही सांगा. डोक्याला मार लागल्यावर आत साचत गेलेलं रक्त कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देतं.

'ताकदीची सलाइन' लावून विसरणं थांबत नाही. रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. यातली कमतरता भरून काढता येते. सोबत घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या गोळ्या आणि क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची औषधं म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढवतात, आणि ती मेडिकलवाल्याकडून सर्रास आणली जातात.

डोनेपेझिल, मेमँटिनसारखी स्मृतिभ्रंशावरची औषधं आजार मुळातून घालवत नाहीत. काही जणांची लक्षणं काही काळ आटोक्यात ठेवतात. महिन्याभरात फरक दिसला नाही म्हणून मनानं बंद करू नका. मळमळ, चक्कर असेल तर डॉक्टरांना सांगा. घरच्यांचा धीर सुटला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

पिकावर फवारायचं विषारी औषध कुलपात ठेवा. हे आम्हाला उशिरा सुचलं.

आबाजी अजून संध्याकाळी उठतात, "बैल सोडाचे रायले." बैल विकून आठ वर्षं झाली. आधी आम्ही तेच पटवत बसायचो आणि ते रडायचे. आता आई म्हणते, "चहा घ्या, मंग सोडू." चहा संपेस्तोवर बैल विसरलेले असतात.