ब्रिटनमध्ये केअरची (वृद्ध-आजाऱ्यांच्या देखभालीची) नोकरी: युनियनवर कशासाठी विसंबायचं आणि कशासाठी नाही

जुना अनुभव दोन्ही तऱ्हेचा आहे. 1974 मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगार संपावर गेले, तर त्यांच्याच युनियनने पाठ फिरवली. लंडनच्या ग्रनविक संपात (1976–78) संपाच्या पुढारी जयाबेन देसाईंच्या मागे हजारो कामगार उभे राहिले; पण देसाई टीयूसी या युनियनांच्या महासंघाच्या दारात उपोषणाला बसल्या, तेव्हा त्यांच्याच युनियनने त्यांना निलंबित केलं. म्हणून चांगुलपणावर नको, कायद्याने जे मिळतं त्यावर विसंबा.

सभासद आजच व्हा. सभासद होण्याआधीचं भांडण बहुतेक युनियन हाती घेत नाहीत, आणि वकील मिळायला आधी काही आठवड्यांचं सभासदत्व लागू शकतं. युनियनचं नाव सर्टिफिकेशन ऑफिसरच्या (युनियनांची नोंद ठेवणारा अधिकारी) यादीत आहे का ते पाहा. तिचे वार्षिक हिशेबही तिथेच मिळतात. वर्गणी पगारातून कापू देऊ नका, स्वतःच्या बँकेतून भरा. मग मालकाला कळायचं कारण नाही.

शिस्तभंगाच्या किंवा तक्रारीच्या सुनावणीला युनियनचा माणूस सोबत नेण्याचा हक्क 1999 च्या कायद्याने दिला आहे, मालक ती युनियन मानत नसला तरी. युनियनच्या माणसाला त्या दिवशी जमत नसेल, तर पुढच्या पाच कामाच्या दिवसांतली दुसरी वेळ लेखी कळवा. तो तुमची बाजू मांडू शकतो, तुम्हाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मात्र तुम्हीच द्यायची. फसगत होते ती इथे: ‘नुसती चौकशी आहे’ म्हणून बोलावतात. तिथे हा हक्क लागू नसतो आणि तिथलंच बोलणं पुढे अंगाशी येतं. कमी बोला, टिपण ठेवा.

रोटा (पाळ्यांचं वेळापत्रक), पेस्लिप (पगारपत्रक) आणि एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ रोज स्वतःच्या वहीत लिहा. तो प्रवासही किमान वेतनात धरावा लागतो. कंपनीचं ॲप नोकरीबरोबर बंद होतं. नोकरीचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत बदलते आहे, तरी घटनेपासून तीन महिन्यांत एक दिवस कमी एवढीच धरा. आधी एकॅसकडे (नोकरीच्या तंट्यांत तडजोड घडवणारी सरकारी संस्था) नोंद लागते, आणि प्रतिनिधी ती करेल म्हणून थांबणाऱ्यांची मुदत टळते.

व्हिसा मात्र युनियनच्या हातात नाही. प्रायोजकत्व (व्हिसासाठी मालकाने दिलेला आधार) गेलं की गृहखातं नवा प्रायोजक शोधायला किंवा देश सोडायला सहसा 60 दिवस देतं, आणि खटला जिंकला तरी व्हिसा परत येत नाही. व्हिसाचा सल्ला अधिकृत सल्लागाराकडूनच घ्या, आणि तक्रार द्याल त्याच आठवड्यात नवा प्रायोजक शोधायला लागा.