दिवाळी अंकाला पहिली कथा पाठवताना

माझी पहिली कथा मी गणपती उठल्यावर पाठवली. दिवाळीला अजून अवकाश होता, म्हणजे वेळेत पाठवली असंच मला वाटत होतं. चार दिवसांनी संपादकांचा फोन आला. अंक छपाईला चालला होता. "सवडीने वाचून कळवतो. पण पुढच्या खेपेला आंबे संपायच्या आत पाठवा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

बहुतेक दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. पावसाळ्यात पानं लागायला लागतात, कथा चित्रकाराकडे जातात, जाहिरातींची धावपळ असते. अनोळखी माणसाची कथा निवांत वाचायला संपादकाला सवड मिळते ती त्याआधी. म्हणून मे-जूनमध्ये पाठवा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. आजही दरवर्षी शेकड्यांनी अंक निघतात आणि नव्या लेखकासाठी याहून मोठं दार मराठीत नाही.

कुठे पाठवायची हे ठरवायला गावातल्या वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घाला. थोड्या पैशांत दोन-तीन महिने ढीगभर अंक वाचता येतात. कोण दीर्घकथा छापतं, कोण विनोदी, कोणाकडे दरवर्षी एखादं तरी नवं नाव दिसतं, ते तिथेच कळतं.

फाइल युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर गिचमिड दिसू शकतो. सोबत पीडीएफही जोडा, म्हणजे एखादं जोडाक्षर फुटलं तर मूळ काय होतं ते पाहता येतं. ईमेलमध्ये नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या आणि कथा अप्रकाशित असल्याचं एक वाक्य पुरे. कथेचा आशय समजावून सांगू नका. एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा. माझ्या ओळखीतल्या एका लेखिकेची कथा एकाच दिवाळीत दोन अंकांत आली आणि दोन्ही संपादक दुखावले. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर विचारायला हरकत नाही.

माझ्या कथेचं उत्तर नोव्हेंबरात पाकिटातून आलं. साभार परत. पण प्रिंटवर पेन्सिलच्या खुणा होत्या. कथा एका एसटी कंडक्टरच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसाची. सुरुवातीचं दीड पान मी पहाटेच्या डेपोच्या वर्णनात घातलं होतं. त्या सगळ्याला समासात एक उभी रेघ, आणि 'बापूंनी तिकिटांची पेटी टेबलावर ठेवली आणि हिशेब न भरताच ते उठले' या वाक्यापाशी लिहिलेलं : 'कथा इथून सुरू होते.' शेवटच्या परिच्छेदाशी : 'हे वाचकाला कळलं आहे.'

आठवडाभर मी चिडलेलाच होतो. त्या पहाटेवर माझा फार जीव होता. मग एका रात्री ते दीड पान बाजूला ठेवून कथा वाचली, आणि पेटी टेबलावर ठेवल्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. 'सत्यकथा' मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत, हे मी वाचलं होतं. त्या रात्री ते कळलं. सगळेच संपादक इतका वेळ देऊ शकत नाहीत. ज्यांनी दिला, त्यांचं म्हणणं पटो न पटो, एकदा तसं लिहून पाहाच.

पैशांचं थोडक्यात. मानधन बहुधा थोडं असतं, काही ठिकाणी फक्त अंक मिळतो. स्वीकृती आली की मोकळेपणाने विचारा. एका अंकाने मला कथेच्या बदल्यात 20 प्रती विकत घ्यायला सांगितलं होतं. मी कथा परत घेतली, तुम्हीही घ्या. आणि कथा छापायला दिली म्हणजे हक्क दिले, असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करायला सहीनिशी लेखी करार लागतो. त्यात मुदत नसेल, तर ती 5 वर्षांची धरतात. सही करण्याआधी ती ओळ शोधा.

कंडक्टरची कथा मी पुढच्या मे महिन्यात त्याच संपादकांना पाठवली. या वेळी दहा दिवसांत फोन आला. त्यांना फक्त बापूंच्या डेपोचं नाव बदलायचं होतं.