खालच्या जबड्याची टायटॅनियम प्लेट: स्कॅनपासून ऑटोक्लेव्हपर्यंत

तंबाखू-गुटख्याने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये काही वेळा खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागतो. ती जागा बहुतेकदा पायाच्या फिब्युला हाडाने भरतात, आणि दोन्ही हाडं धरून ठेवायला टायटॅनियमची प्लेट लागते. तयार प्लेट सर्जन टेबलवर वाकवून बसवतात. धातू वाकवलेल्या जागी कमजोर होतो आणि पुढे चावण्याच्या ताणाने अनेकदा तिथेच तुटतो. म्हणून त्या पेशंटच्या जबड्यावर बेतलेली प्लेट लेझरने पावडरमधून प्रिंट करणं चांगलं. यात मशीन चालवणं हा सोपा भाग आहे. जॉब बिघडतो तो बहुधा आधी स्कॅनमध्ये, नाहीतर नंतर फर्नेसमध्ये आणि सफाईत.

स्कॅन आणि मॉडेल

सीटीचे काप १ मिमीपेक्षा जाड नकोत, ०.६२५ मिमी मिळाले तर उत्तम. गँट्रीचा (स्कॅनरच्या गोल कड्याचा) कल शून्य हवा. फील्ड ऑफ व्ह्यू जबड्यापुरतंच ठेवायला सांगा: ५१२ पिक्सेलमध्ये २०० मिमी बसवले तर एक पिक्सेल ०.३९ मिमीचा येतो, ३५० मिमी बसवले तर ०.६८ मिमीचा. डायकॉम फाइल्सच (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल्स) मागा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फिल्मच्या फोटोवरून प्लेट होत नाही. स्कॅन ताजा हवा, कारण गाठ वाढत असते. जुन्या स्कॅनवर आखलेली कापायची रेष ऑपरेशनच्या दिवशी गाठीतून जाऊ शकते.

हाड वेगळं काढताना थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचं सगळं हाड धरायचं तो आकडा) २२६ एचयूच्या, म्हणजे सीटीतल्या घनतेच्या एककाच्या, आसपास सुरू करा, पण आकड्यावर विसंबू नका. थ्रेशोल्ड खाली गेला की हाड फुगतं आणि प्लेट हाडापासून उचललेली राहते. वर गेला की हाड बारीक होतं आणि प्लेट आत बसतच नाही. तिन्ही दिशांच्या कापांवर कडा डोळ्यांनी तपासा. दातांत धातूचं फिलिंग किंवा क्राउन असेल तर तिथे चट्टे येतात; तेवढ्या भागात इंट्राओरल स्कॅन (तोंडाच्या आतून घेतलेला दातांचा स्कॅन) जुळवून घ्या. स्मूदिंग जपून करा, जास्त केलं की हनुवटीच्या कडा खाल्ल्या जातात.

डिझाइन

जाडी २ ते २.५ मिमी. प्रत्येक बाजूच्या जबड्यात किमान ३ स्क्रू हवेत, आणि पहिलं भोक कापलेल्या कडेपासून ५ ते ७ मिमी आत. भोकं दातांची मुळं आणि जबड्यातली नस चुकवून ठेवा. बाहेरच्या कडा गोलच करा: रेडिएशननंतर त्वचा पातळ होते आणि धारदार कड ती फाडून बाहेर येते.

प्लेटला जाळी द्यायचा मोह टाळावा, असं आमचं ठाम मत आहे. हाड आत वाढायला ३०० ते ८०० मायक्रॉनची छिद्रं उपयोगी पडतात हे खरं, पण ती हाडाला टेकणाऱ्या तुकड्यावर. ताण घेणाऱ्या पट्टीत जाळीचा प्रत्येक खडबडीत धागा तडा सुरू व्हायची जागा असतो, आणि तोंडात जंतूंना लपायलाही. वजनाची चिंता पूर्ण जबडा बसवताना करावी. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ८३ वर्षांच्या बाईंना बेल्जियमच्या लेअरवाइझने बनवलेला पूर्ण खालचा जबडा बसवला, तो १०७ ग्रॅमचा होता, म्हणजे मूळ हाडापेक्षा सुमारे ३० ग्रॅम जास्त.

प्लेटसोबतच कापण्याचा गाइड (हाड कुठे कापायचं आणि ड्रिल करायचं हे दाखवणारा साचा) डिझाइन करा. गाइडमधली ड्रिलची भोकं आणि प्लेटची भोकं एकाच जागी यायला हवीत. मग प्लेट स्क्रूनेच आपल्या जागी येते. गाइड नायलॉनचा असेल तर ड्रिलच्या भोकात धातूची बाही घाला, नाहीतर नायलॉनचा कीस जखमेत पडतो.

पावडर आणि प्रिंट

पावडर टायटॅनियम-६४ ईएलआय (अशुद्धी कमी असलेला टायटॅनियमचा मिश्रधातू), म्हणजे ग्रेड २३, दाणा १५ ते ४५ मायक्रॉन. ऑक्सिजन ०.१३ टक्क्याच्या आत हवा. वापरलेली पावडर ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढून पुन्हा घेता येते, पण दर फेरीला ऑक्सिजन थोडा वाढतो आणि धातू ठिसूळ होत जातो. म्हणून प्रत्येक लॉट किती वेळा वापरला याची नोंद ठेवा आणि ठरावीक फेऱ्यांनंतर लॅबमध्ये तपासा.

वायू आर्गॉनच, नायट्रोजनने टायटॅनियमवर नायट्राइड तयार होतो. चेंबरमधला ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली आल्याशिवाय लेझर सुरू करू नका. बिल्ड प्लेटही (जिच्यावर जॉब प्रिंट होतो तो पाट) टायटॅनियमचीच. ४०० वॅटच्या ईओएस एम२९० वर ३० मायक्रॉन थरासाठी २८० वॅट, १२०० मिमी प्रति सेकंद आणि ०.१४ मिमी हॅच (लेझरच्या शेजारच्या रेषांमधलं अंतर) अशी सेटिंग चालते. म्हणजे दर घन मिमीला सुमारे ५६ जूल. ऊर्जा कमी पडली तर थर नीट जुळत नाहीत आणि वेड्यावाकड्या चपट्या फटी राहतात. जास्त झाली तर खोल वितळून गोल पोकळ्या राहतात. यातल्या चपट्या फटी जास्त धोक्याच्या, कारण तडा त्यांच्या टोकापासून चालू होतो.

प्लेटची लांब कड रीकोटरला (पावडरचा थर पसरवणाऱ्या ब्लेडला) समांतर ठेवू नका, ५ ते १० अंश फिरवा. समांतर कड जराशी उचलली गेली तरी ब्लेड तिला पूर्ण लांबीभर धडकतं. ४५ अंशांपेक्षा आडव्या पृष्ठभागाला सपोर्ट लागतो. तो हाडाकडच्या बाजूला येऊ देऊ नका. स्क्रूची भोकं लहान प्रिंट करून नंतर मशीनवर पूर्ण करा. आडवं प्रिंट झालेलं भोक वरच्या बाजूने लोंबून अंडाकृती होतं. लॉकिंग आटे (स्क्रूचं डोकं प्लेटमध्ये पक्कं धरणारे) तर प्रिंट करूच नयेत. थ्रेड मिलने, भरपूर कूलंट देऊन काढा. साधा टॅप टायटॅनियममध्ये चिकटतो आणि तुटतो.

त्याच बिल्डवर ३ टेन्साइल नमुने (ओढून ताकद तपासायचे) उभे ठेवा. एएसटीएम एफ३००१ या मानकाप्रमाणे किमान ताकद ८६० एमपीए (मेगापास्कल), यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) ७९५ एमपीए आणि लांबणं १० टक्के लागतं.

टायटॅनियमची बारीक पावडर पेट घेते. हातात नायट्राइलचे मोजे, तोंडावर पी३ मास्क, पायात अँटिस्टॅटिक बूट. आणि हाताशी डी वर्गाचं अग्निशामक. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड कधीही मारू नका. फिल्टरमधली काजळी सगळ्यात धोकादायक: कोरड्या अवस्थेत हवा लागताच पेटू शकते.

फर्नेस, वायरकट, सफाई

जॉब बिल्ड प्लेटवर असतानाच ८०० अंश सेल्सिअसला २ तास, व्हॅक्यूम किंवा आर्गॉनमध्ये ताणमुक्त करा. आधी वायरकट केलं (विजेच्या तारेने बिल्ड प्लेटवरून कापलं) की नालासारख्या प्लेटची टोकं हलतात. मिलिमीटरभर हललं तरी दातांची बैठक बिघडते. मग ९२० अंश, १०० एमपीए, २ तास हिप (गरम वायूच्या प्रचंड दाबाखाली ठेवणं). हिप आतल्या पोकळ्या मिटवतं, पृष्ठभागाला उघड्या असलेल्या नाही, त्यामुळे पॉलिशिंगला पर्याय नाही.

फर्नेसमधून आलेला जॉब निळसर किंवा पिवळसर दिसला तर हवा आत शिरली आहे. वर ऑक्सिजनचा ठिसूळ थर बसलेला असतो, तो हायड्रोफ्लोरिक-नायट्रिक ॲसिडने काढावा लागतो. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (त्या ॲसिडने भाजल्यावर लावायचं) टेबलवर ठेवल्याशिवाय त्या ॲसिडची बाटली उघडू नका.

अर्धवट चिकटलेले पावडरचे दाणे ब्लास्टिंग, एचिंग आणि अल्ट्रासोनिकने काढा. नंतर प्लेट थ्रीडी स्कॅन करून मूळ फाइलशी जुळवा, आणि आत फट नाही ना हे सीटीने बघा. पावडर लॉट, बिल्ड क्रमांक, फर्नेसचा आलेख आणि चाचण्या एकाच फाइलमध्ये ठेवा; आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचं मानक) आणि मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ या दोन्हींसाठी ही नोंद लागतेच.

हॉस्पिटलला प्लेट, गाइड आणि पेशंटच्या जबड्याचं मॉडेल एकत्र पाठवा. नायलॉनचा गाइड आधी आपल्याकडे १३४ अंशाच्या ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करण्याच्या) फेरीतून काढा आणि थंड झाल्यावर ड्रिलच्या भोकांमधलं अंतर पुन्हा मोजा. तो थोडा जरी वाकला, तर कितीही अचूक प्लेट असो, तिचं भोक हाडातल्या भोकावर येणार नाही.