शिकायला वेळ मिळवून देणं: पुण्यातल्या आयटी कंपनीत प्रशिक्षणाचं काम नव्यानं घेणाऱ्यांसाठी

रुजू झाल्यावर तुमच्या हातात बहुधा ऑनलाइन कोर्सच्या लायसन्सची यादी, मागच्या वर्षीचं ट्रेनिंग कॅलेंडर आणि फीडबॅक फॉर्म्स ठेवले जातील. हे सगळं सांभाळणं म्हणजेच आपलं काम, असं वाटायला लागेल. मी आधी डेव्हलपर होते, मग टीम लीड झाले, आणि गेली बरीच वर्षं इंजिनीअर्सच्या शिकण्याची बाजू बघते आहे. माझं ठाम मत असं की लोकांना कोर्स कधीच कमी पडलेले नाहीत. कमी पडतो तो वेळ, आणि शिकलेलं वापरून बघायला खरं काम. या दोन्ही गोष्टी मॅनेजरच्या हातात असतात, म्हणून त्या त्याच्याकडून मिळवणं हा आपल्या कामाचा गाभा आहे. बाकीची व्यवस्था हळूहळू जमते.

वेळेचं आधी सांगते, कारण पुण्यात हा प्रश्न फार खरा आहे. हिंजवडीच्या फेज थ्रीमधून संध्याकाळी सुटलेली कंपनीची बस वाकडचा पूल पार करून सिंहगड रोडला पोचेपर्यंत दीड तास सहज जातो. घरी पोचून जेवण होतंय तोवर अमेरिकेतल्या टीमचा कॉल सुरू होतो. अशा माणसाला 'कोर्स घरी पूर्ण कर' म्हणायचं, तर तो झोपेतून वेळ काढणार. जिच्या घरी लहान मूल आहे किंवा सासूबाईंचं आजारपण चालू आहे, तिला झोपेतूनही तो काढता येत नाही. मग रूमवर राहणारी, घरची जबाबदारी नसलेली मुलं पुढे जातात आणि वर्षअखेरीस त्यांनाच 'शिकण्याची आवड असलेले' म्हटलं जातं. हे मला अन्यायाचं वाटतं. शिकणं कामाचा भाग असेल, तर ते कामाच्या तासांत बसलं पाहिजे.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे कॅलेंडरला हात लावू नका. टीम्समध्ये जाऊन बसा. सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, मागे उभे राहा, सपोर्टची तिकिटं वाचा, प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे गिऱ्हाइक वापरतात त्या सिस्टीममध्ये, काही बंद पडल्यावर लिहिलेले पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मागून घ्या. आणि प्रत्येक टीमला एक प्रश्न विचारा: तुमच्यापैकी कोण गावाला गेलं की काम अडतं? उत्तर लगेच येतं, बहुतेक वेळा सगळे एकाच माणसाकडे बघतात. कोणाला काय शिकवायचं याची यादी तिथूनच तयार होते. सगळ्यांना ईमेल पाठवून 'तुम्हाला काय शिकायला आवडेल' असं विचारलं, तर त्या महिन्यात ज्या तंत्रज्ञानाचा गवगवा असेल त्याचंच नाव येतं.

आमच्याकडे एका टीममध्ये रिलीज करणं, म्हणजे नवा कोड गिऱ्हाइकापर्यंत पोचवणं, एकाच सीनिअरला यायचं. दिवाळीतही त्याचा लॅपटॉप सोबत असायचा. बाहेरून ट्रेनर बोलावून सगळ्यांना दोन दिवस कुबरनेटिस, म्हणजे अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवायचं टूल, शिकवावं, असा प्रस्ताव होता. त्याऐवजी आम्ही मॅनेजरकडून एवढंच मागितलं की पुढच्या काही रिलीजना थोडा जास्त वेळ लागेल हे मान्य करा. पहिल्या रिलीजला दोघी ज्युनिअर मुली शेजारी बसून बघत होत्या आणि प्रत्येक पायरी लिहून घेत होत्या. पुढच्या वेळी कीबोर्ड त्यांच्याकडे आणि सीनिअर शेजारी. त्यानंतर त्या एकट्या, तो फक्त फोनवर. त्यांनी लिहून घेतलेल्या पायऱ्या हेच टीमचं रनबुक, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी कृती, झालं. हे करताना कुबरनेटिसचे जे भाग अडले, तेवढेच त्यांनी कोर्समधून बघितले आणि ते लक्षात राहिले, कारण दुसऱ्या दिवशी लागणार होते. कोर्सची जागा इथे आहे, काम अडलं की लगेच हाताशी.

फ्रेशर्सचं वेगळं आहे. सांगली, नांदेड, जळगाव, अकोला अशा ठिकाणांहून मुलं येतात, काही सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेमधून. १९८८ साली स्थापन झालेल्या आणि १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकम्प्युटर तयार करणाऱ्या या संस्थेचा ॲडव्हान्स्ड कम्प्युटिंगचा सहा महिन्यांचा डिप्लोमा पुण्यातल्या भरती करणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. ती मुलं दिवसभर लॅबमध्ये बसून आलेली असतात, त्यामुळे कोड लिहायला बिचकत नाहीत. पण कॉलेज असो की सी-डॅक, तिथे बहुतेकदा रिकाम्या फाइलपासून सुरुवात होते. कंपनीत समोर येतो तो दहा-बारा वर्षांत अनेकांनी लिहिलेला, अर्धे लेखक सोडून गेलेले असा कोड. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणं हे कौशल्य त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. वर्गातली पीपीटी तिथे उपयोगाची नाही. पहिल्या महिन्यातच एक छोटा पण खरा बग द्यावा, गिऱ्हाइकापर्यंत पोचणारा. तो कुठून येतो हे शोधताना मुलगा निम्मी सिस्टीम फिरून येतो.

आणि कोड रिव्ह्यूकडे, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्यानं तपासण्याकडे, लक्ष द्या, कारण फ्रेशरचं खरं शिक्षण तिथे होतं. 'हे बदल' एवढीच कॉमेंट आली की तो बदलतो आणि विसरतो. 'ही क्वेरी लूपच्या आत आहे, हजार ऑर्डर्स असतील तर डेटाबेसला हजारदा विचारावं लागेल' असं लिहिलं की तो पुढच्या वेळी स्वतःच बघतो. सीनिअर्सना अशा कॉमेंट लिहायला शिकवणं हे आपल्या विभागाचं काम आहे, आणि ते करणारे फार थोडे. आता बराचसा कोड एआयच्या मदतीनं लिहिला जातो, त्यामुळे रिव्ह्यूत आणखी एक सवय लावावी लागते: ज्यानं कोड पाठवला त्यानं तो आपल्या शब्दांत समजावून सांगायचा. सांगता आलं नाही, तर कोड चालत असला तरी पुढे जाऊ द्यायचा नाही.

शंका विचारण्याचा मुद्दा मला फार जवळचा आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं मीटिंगमध्ये गप्प बसतात. त्यांना विषय समजत नाही असा समज होतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. प्रश्न डोक्यात मराठीत तयार असतो, इंग्रजीत जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगनं काही वर्षांपूर्वी कम्प्युटर इंजिनीअरिंग मराठीतून शिकवायला सुरुवात केली, त्यामुळे असे विद्यार्थी यापुढेही येत राहतील. आम्ही दर आठवड्याला शंकांसाठी एक ठरलेला तास ठेवला, जिथे एक सीनिअर बसतो आणि ज्याला ज्या भाषेत सोपं वाटेल त्या भाषेत विचारावं. तमिळ, बंगाली बोलणारे सहकारीही येतात, म्हणून उत्तर शेवटी सगळ्यांना कळेल असं एकदा इंग्रजीत किंवा हिंदीत सांगितलं जातं. इंग्रजी बोलण्याचा सराव वेगळा करून घ्यावा, तोही हवाच. पण तांत्रिक शंका त्यासाठी थांबवू नये.

सर्टिफिकेशनबद्दल नव्यानं आलेल्यांचा गोंधळ होतो, म्हणून थोडं तपशिलात. एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या, असोसिएट पातळीच्या परीक्षेची फी १५० डॉलर आहे, त्यावर कर वेगळा, आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. एक परीक्षा पास झालं की पुढच्या परीक्षेवर निम्मी सवलत मिळते, ती अनेक जण वापरतच नाहीत, त्यांना आठवण करा. कुबरनेटिसची सीकेए परीक्षा दोन तासांची असते आणि त्यात पर्याय निवडायचे नसतात, समोरच्या क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या सर्व्हरच्या गटावर, काम करून दाखवावं लागतं. तिचं प्रमाणपत्र २०२४ पासून दोनच वर्षं ग्राह्य धरलं जातं. मला व्यक्तिशः अशी हातानं करायची परीक्षा जास्त मोलाची वाटते. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस असे पायाचे विषय कच्चे राहिले असतील तर आयआयटी वगैरे संस्थांचे ऑनलाइन कोर्स देणारं एनपीटेल उत्तम आहे. शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. अंतिम गुणांत २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे, त्यामुळे नुसते व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र मिळत नाही.

पैशाचा नियम मात्र नीट वाचा. बहुतेक कंपन्यांत 'पास झाल्यावर पावती द्या, पैसे परत मिळतील' असं असतं. ज्याचा पगार पीजीचं भाडं आणि घरी पाठवायच्या पैशांत संपतो, त्याच्यासाठी बारा-पंधरा हजार आधी भरणं आणि नापास झालो तर ते गेले, ही भीती खरी असते. तो परीक्षेला बसतच नाही. कंपनीनं परीक्षेचे व्हाउचर थेट विकत घेऊन द्यावेत आणि एका नापासाचा खर्च सोसावा, असा आग्रह धरा. आमच्याकडे हे केल्यावर ज्युनिअर मंडळींचे अर्ज यायला लागले.

नोकरी करत बिट्स पिलानीच्या वर्क इंटिग्रेटेड कार्यक्रमातून एम.टेक. करणारे पुण्यात खूप आहेत. कंपनी फी भरते तेव्हा ठरावीक काळ थांबण्याचा करार असतो. सही करण्याआधी कर्मचाऱ्याला शांतपणे बसवून तो वाचून दाखवणं हे मी आपलं कर्तव्य मानते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, तिच्या आत वाजवी भरपाई मागता येते. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरीत थांबण्याची अट आणि ती मोडल्यास द्यायची दोन लाखांची रक्कम वैध ठरवली, त्यामुळे 'असले बाँड कोर्टात टिकत नाहीत' या कँटीनमधल्या सल्ल्यावर कुणी विसंबू नये. धोरण लिहिणं तुमच्या हातात असेल तर परतफेडीची रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल असं लिहा. दोन वर्षांपैकी वीस महिने थांबलेल्या माणसाकडून पूर्ण फी मागणं बरं नव्हे.

प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, हे मोजायला सांगतील. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पातळ्या मांडल्या: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं, आणि कंपनीला काय फळ मिळालं. बहुतेक ठिकाणी पहिल्या पातळीवर, म्हणजे फीडबॅक फॉर्मवर, गाडी थांबते. मी तिसरी धरून चालते. तीन महिन्यांनी मॅनेजरला विचारायचं, ही व्यक्ती आता असं काय करते जे आधी करत नव्हती? ठोस उत्तर आलं नाही तर तो कार्यक्रम पुढच्या वर्षी नको. ७०-२०-१० चं सूत्रही कानावर पडेल. ते १९८० च्या दशकात सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या कामातून, अधिकाऱ्यांनी आपण कशातून शिकलो हे आठवून सांगितलं त्यावरून आलं. आकडे काटेकोर नियम म्हणून सांगू नका, पण बहुतेक शिकणं कामातून होतं हे मॅनेजरला पटवायला त्याचा उपयोग होतो.

मॅनेजरशी बोलणं हा सगळ्यात अवघड भाग. 'शुक्रवारी दुपारी लर्निंग अवर' असं जाहीर केलं की पहिल्या रिलीजमध्येच तो तास जातो. स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये, म्हणजे पुढच्या एक-दोन आठवड्यांचं काम ठरवताना, शिकण्याचं काम जिरा या कामाच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरवर तिकीट म्हणून, अंदाजित तासांसह आलं तर ते टिकतं. 'शिकवलं की सोडून जातात' हे ऐकायला मिळेलच. खराडी, बाणेर, मगरपट्टा, सगळीकडे कंपन्या आहेत, माणसं जाणारच. पण मी पाहिलं आहे की जिथे पुढचं काम दिसत नाही तिथून ती लवकर जातात, आणि जिथे नीट शिकवलं गेलं तिथे आपले मित्र पाठवतात, कधी स्वतः परत येतात. मॅनेजरच्या अप्रेझलमध्ये 'या वर्षी कुणाला वाढवलं' हा मुद्दा घालून घ्या. एप्रिलमध्ये बजेट नव्यानं सुरू होतं, म्हणून हे बोलणं जानेवारीतच करा. फेब्रुवारी उजाडला की सगळे आकड्यांत अडकतात.

बाळंतपणानंतर परतणाऱ्या मुलींसाठी मात्र बजेटची वाट बघू नका. २०१७ च्या दुरुस्तीनंतर रजा २६ आठवड्यांची झाली, आणि तेवढ्यात टीमची टूल्स, कधी कधी पूर्ण आर्किटेक्चर बदललेलं असतं. काळजीपोटी त्यांना हलकं काम दिलं जातं, डॉक्युमेंटेशन किंवा जुन्या मॉड्यूलची देखभाल, आणि तिथेच त्यांची वाढ थांबते. ती परतायच्या आधीच मॅनेजरशी बोलून ठरवा: मधल्या काळात काय बदललं ते समजावून सांगणारा एक सहकारी, पहिले काही आठवडे जोडीनं काम, आणि त्यानंतर रजेआधी तिच्याकडे होतं त्याच वजनाचं काम. तिला काय हवं ते आधी तिला विचारा, आणि ते मॅनेजरला लेखी कळवा.